शेरेबुक आणि शालापत्रक

माध्यमिक शाळेतील भाषाशिक्षकाच्या वर्गाचे निरीक्षण कोणी करावे आणि कसे करावे, हा प्रश्न भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. हा शिक्षणशास्त्राचा, फार तर प्रशासनाचा प्रश्न आहे आणि त्याची काळजी वाहणाऱ्या संस्था देशात पुष्कळ आहेत, असेही म्हटले जाईल. हा आक्षेप मला मान्य करता येत नाही. ज्या कृतींवर आपण प्रबंध लिहितो, त्या कृतींशी बहुसंख्य भारतीयांचा संबंध एकदाच येतो आणि तो दहावीच्या वर्गात येतो. पुढे त्यांपैकी कोणी यंत्रकामाकडे वळतो, कोणी वाणिज्याकडे, कोणी शाळाच सोडतो. एखाद्या भाषेत वाङ्मयाचा वाचक निर्माण होणार की नाही, याचा निकाल बहुधा त्या वर्गातच लागतो. तेथे काय घडते हे पाहावयास आज कोण जाते आणि ते काय पाहते, हे म्हणूनच आपल्याला ठाऊक असावयास हवे.

गेल्या वर्षी चेन्नईत अभ्यागत प्राध्यापक म्हणून काही महिने राहण्याचा योग आला. त्या काळात भाषाशिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गाच्या निमित्ताने एन्नोर येथील एका शाळेत जाणे झाले. एन्नोर हे शहराच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी वसलेले. मूळची वस्ती मच्छीमारांची. स्वातंत्र्यानंतर तेथे मोटारींचा कारखाना आला. १९७० च्या दशकात औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. ते २०१७ मध्ये बंद झाले, पण शेजारच्या दुसऱ्या केंद्राची राख खाडीत साचतच राहिली. २००१ मध्ये बंदर सुरू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये चक्रीवादळाच्या पुराबरोबर खाडीत तेल पसरले आणि होड्या, जाळी, तिवरांची मुळे काळी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस समुद्रातून जाणाऱ्या नळातून अमोनिया गळला आणि मध्यरात्री लोक घरे सोडून पळाले. शाळेतील बहुतेक मुले या वस्त्यांमधलीच होती.

दहावीचा तमिळचा तास होता. शिकविणाऱ्या बाईंना मुले तेथील रिवाजाप्रमाणे ‘तमिळ अम्मा’ म्हणत. मागच्या बाकावर आम्ही तिघे होतो: निरीक्षणासाठी आलेले एक अधिकारी, माझे एक तमिळ सहकारी आणि मी. माझे तमिळ अक्षरओळखीच्या थोडेसे पुढे गेलेले; जेथे अडले तेथे सहकाऱ्यांनी हळू आवाजात अर्थ सांगितला. विषय होता प्राचीन तमिळ काव्यशास्त्रातील पाच ‘तिणै’. कुरिंजि म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे रान, मरुदम् म्हणजे शेतशिवार, नेय्दल म्हणजे समुद्रकाठ आणि पालै म्हणजे रखरखीत ओसाडी. प्रत्येक भूमीला तिची वेळ, तिचे दैवत, तिची माणसे, फुले, पक्षी, पाणी आणि व्यवसाय ठरलेले असतात. प्रत्येकीशी प्रेमाची एकेक अवस्थाही जोडलेली असते. बाईंनी फळ्यावर कोष्टक काढले. नेय्दलच्या रकान्यात त्यांनी लिहिले: दैवत वरुण, वेळ सूर्यास्ताची, फूल केवड्याचे, पाणी खारट खाडीचे, व्यवसाय मासे धरणे आणि मीठ पिकविणे, भाव विरहाच्या शोकाचा.

मुले कोष्टक उतरवून घेत होती. एका मुलाने मान वर करून म्हटले, “अम्मा, खाडीत आता राख आहे. ती कोणत्या रकान्यात लिहायची?” थोडे हसू उमटले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि पालै ही मुळात स्वतंत्र भूमीच नव्हे, असे त्या सांगू लागल्या. डोंगर आणि रान उन्हाळ्याने होरपळून आपला स्वभाव गमावून बसले म्हणजे त्यांचेच पालै होते, असे ‘सिलप्पदिकारम्’मध्ये आले आहे. तेव्हा पुढच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “मग नेय्दलचेही पालै होऊ शकेल का?” बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “ग्रंथात तसे सांगितलेले माझ्या वाचनात नाही. मी पाहून सांगते. तुम्ही आज घरी विचारून या, तुमच्या आजोबांच्या वेळी या रकान्यांत काय काय होते.” इतक्यात घंटा झाली. कोष्टकातील शेवटची ओळ अपुरीच राहिली.

अधिकाऱ्यांच्या हातात निरीक्षणाचा नमुना होता. कागदाऐवजी तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होता, एवढाच काळाचा फरक. पाठाचे उद्दिष्ट फळ्यावर लिहिले होते काय? शैक्षणिक साधन वापरले काय? विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन झाले काय? पाठ नियोजित वेळेत पूर्ण झाला काय? गटकार्य झाले काय? प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांचा मूळ विषय गणित. त्यांनी प्रामाणिकपणे पाच वेळा ‘नाही’वर बोट टेकविले आणि काहीसे ओशाळून मला म्हणाले, “सर, तास चांगला झाला, हे मलाही जाणवले. पण ते लिहावयास यात जागा नाही.”

मी साहित्याच्या विद्यार्थ्यांना वीसएक वर्षे शिकवीत आलो आहे. काव्यशास्त्रातील एखाद्या संकल्पनेची मर्यादा विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवाच्या आधारे नेमकी दाखवून द्यावी, असे माझ्या पदव्युत्तर वर्गातही क्वचितच घडलेले आहे. एन्नोरच्या त्या वर्गात ते दहा मिनिटांत दोनदा घडले आणि दोन्ही वेळा शिक्षिकेने ते ओळखले. तिच्या नावे नोंद मात्र पाच नकारांची झाली.

या नमुन्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. तिचा एक धागा त्याच शहरात सापडतो. एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा कारभार १७८९ पासून अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे होता. देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतील प्रौढ शिक्षकांनी ती पद्धत मनावर घेतली नाही, तेव्हा मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची व्यवस्था त्याने बसविली आणि १७९७ मध्ये लंडनला तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ही ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडात गाजली. थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकविता येतात, हे तिचे आकर्षण होते. पण प्रत्येक मुलाची जागा, त्याचा पाठ आणि त्याची प्रगती रोज नोंदवून ठेवावयाची, हे तिचे इंगित होते. दुसरा धागा १८५४ च्या वुडच्या खलित्याचा. त्याने प्रत्येक इलाख्यात शिक्षणखाते आणले, खासगी शाळांना अनुदान देऊ केले आणि अनुदानाची अट म्हणून तपासणी आणली. पुढे मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांत परीक्षेच्या निकालावरून अनुदान ठरविण्याची पद्धत आली. सरकारचा पैसा योग्य ठिकाणी लागला की नाही, हे पाहणे तपासनिसाचे काम झाले. वर्गातील पाठ हा त्या हिशेबाचा पुरावा ठरला.

याचे पर्यवसान काय झाले, हे महाराष्ट्रातील शाळांतून शिकलेल्या कोणाही वाचकास सांगावयास नको. आमच्या गावी तपासणीच्या आदल्या दिवशी पटांगणावर सडा पडे, भिंतींवर नवे तक्ते लागत आणि उद्या जो पाठ घ्यावयाचा तो आजच एकदा होऊन जाई. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करावा, येत नसेल त्याने डावा, अशी आम्हांला सूचना होती. सर्व हात वर दिसत आणि शेरेबुकात ‘समाधानकारक’ असा शेरा पडे. त्या शेऱ्यात काहीही चूक नव्हते आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. साहेबांसमोर आम्ही शिकतो आहोत असे दाखवीत होतो, गुरुजी शिकवितो आहोत असे दाखवीत होते आणि तपासतो आहोत असे साहेबही दाखवीत होते.

तथापि, यावरून तपासणीच नको, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. शिक्षकाच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली तो अलीकडे पुष्कळदा काढला जातो. येथे जोतीराव फुले यांची आठवण ठेवणे आवश्यक आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी आणि सदोष असल्याची तक्रार केली. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीच्या भेटीने काही साधत नाही, निदान दर तिमाहीस तपासणी व्हावी आणि मधूनमधून पूर्वसूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. त्याच निवेदनात शिक्षकांना बरा पगार द्यावा आणि शिक्षक शेतकरी वर्गांतूनही घ्यावेत, असाही आग्रह आहे. फुल्यांना देखरेख हवी होती, कारण ज्या मुलांचे आईबाप शाळेच्या ओट्यावर चढून जाब विचारू शकत नाहीत, त्यांच्या वतीने कोणीतरी तो विचारावयास हवा होता. एन्नोरच्या मुलांनाही तो अधिकार आहे. मागच्या बाकावर कोणी बसूच नये, असे म्हणण्याचा हक्क सुस्थित घरांतल्या मुलांना शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही.

मग उणीव कशाची? मला वाटते, देखरेखीच्या जोडीला जे दुसरे अंग असावयास हवे, ते आपण गमावले आहे. त्याचे उदाहरण मराठीच्याच इतिहासात आहे. बाळशास्त्री जांभेकर हे पत्रकार आणि ग्रंथकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण ते शाळातपासनीसही होते आणि अध्यापक तयार करण्याचा वर्गही त्यांनी चालविला. कृष्णशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते. शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘मराठी शालापत्रक’ या मासिकाचे संपादन १८६१ पासून त्यांच्याकडे होते. १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री या मासिकाचे काम पाहू लागले. सरकारी खात्याच्या आश्रयाने चाललेल्या या मासिकात खात्यावरच टीका येऊ लागली आणि १८७५ मध्ये ते बंद झाले. तोवर, जानेवारी १८७४ मध्ये, ‘निबंधमाला’ सुरू झालेली होती. तेव्हा विष्णुशास्त्री पुण्याच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते.

वाङ्मयेतिहासात हा क्रम आपण चरित्रातील तपशील म्हणून सांगतो आणि पुढे जातो. परंतु आधुनिक मराठी निबंधाचा एक प्रमुख उगम शिक्षकांच्या व्यावसायिक मासिकात आहे आणि त्याचा कर्ता रोज वर्गात उभा राहणारा माध्यमिक शिक्षक होता, ही गोष्ट आज शिक्षकांच्या ‘व्यावसायिक विकासा’विषयी बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी. त्या शिक्षकाचा विकास कोणी शिबिरात केला नाही. आपल्या विषयाबद्दल, आपल्या भाषेबद्दल आणि आपल्या खात्याबद्दल आपल्याच व्यवसायातील वाचकांसाठी त्याला लिहिता येत होते. लिहिलेले वाचले जाईल, त्याला उत्तर येईल, कदाचित वरिष्ठांची इतराजीही होईल, हे त्याला ठाऊक होते.

चित्र एकांगी होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, याच विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या भाषेची आणि विचारांची कठोर टवाळी केली. शालापत्रकाचे जग उच्चवर्णीय शिक्षितांचे होते. खेड्यातील शाळेत कोण बसते आणि कोणाला बसू दिले जात नाही, हा फुल्यांचा प्रश्न त्या जगाला टोचत नव्हता. म्हणून एकट्या शालापत्रकाची परंपरा पुरेशी नाही, आणि एकट्या तपासणीचीही नाही. शिक्षकाला मुलांच्या वतीने जाब विचारणारी नजर हवी आणि त्याच शिक्षकाला लेखक-वाचक म्हणून मानणारे व्यासपीठही हवे. एकोणिसाव्या शतकात या दोन गोष्टी परस्परविरोधी गोटांत उभ्या राहिल्या. त्यांची सांगड घालण्याचे काम स्वतंत्र भारताकडे आले.

ते काम कसे करावे, हे आपल्याला माहीत नव्हते असे नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाचे अध्यक्ष मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. तपासनिसाने अधिकारी म्हणून न येता शैक्षणिक सल्लागार म्हणून यावे, त्याच्यासोबत मुख्याध्यापक आणि ज्येष्ठ शिक्षक यांचे मंडळ असावे आणि त्यांनी दोन-तीन दिवस शाळेत राहून शिक्षकांशी चर्चा करावी, अशी त्या आयोगाची शिफारस होती. पुढे प्रशिक्षण महाविद्यालयांत विस्तार सेवा विभाग निघाले. माध्यमिक शिक्षकांनी आपल्या वर्गातील प्रयोगांवर निबंध लिहावेत, यासाठी राष्ट्रीय पातळीवर निबंधवाचनाचा उपक्रमही चालला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले. प्रशासकीय तपासणी आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे वेगळी करावीत, असे त्या आयोगाने सुचविले.

यांपैकी फारच थोडे रुजले. १९८६ च्या धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या, पण त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर राहिला. माध्यमिक शिक्षकाच्या वाट्याला आली ती वेतनाला जोडलेली प्रशिक्षणे. महाराष्ट्रात बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. दोहोंसाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. हेतू चांगलाच आहे. पण तास मोजणे सोपे असते आणि जे मोजणे सोपे तेच मोजले जाते. पडद्यावरील व्याख्यान चालू ठेवून उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक मी पाहिला आहे. त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. उत्तरपत्रिका खऱ्या होत्या आणि त्यांची वाट पाहणारी मुलेही खरी होती.

या ठिकाणी साहित्याच्या विद्यापीठीय विभागांचे काम सुरू होते, असे माझे मत आहे. पाठ हीदेखील एक संहिता आहे. तिला विषय असतो, क्रम असतो, लय असते, अनपेक्षित वळण असते. ती पाहताना, कोणत्या क्षणी वर्गाचा कविताविषयक समज बदलला, शिक्षकाने कोणता प्रश्न हेरला आणि कोणता हातचा जाऊ दिला, हे ओळखण्यासाठी त्या भाषेचे आणि त्या वाङ्मयाचे ज्ञान लागते. गणिताच्या सज्जन अधिकाऱ्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ते आपण, चर्चासत्रांत एकमेकांचे निबंध ऐकत बसलेले असतो.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक भारतीय भाषाविभागाने आपल्या परिसरातील चार-पाच माध्यमिक शाळांशी कायमचा संबंध जोडावा. विभागातील अध्यापकाने सत्रातून काही वेळा तेथील भाषाशिक्षकाच्या मागच्या बाकावर बसावे आणि त्या शिक्षकानेही विद्यापीठात येऊन आपल्या मागच्या बाकावर बसावे. या भेटींची नोंद गुणांत करू नये आणि ती सेवापुस्तकात जाऊ नये. भेटीनंतर दोघांनी मिळून एक-दोन पानांचे टिपण लिहावे आणि अशा टिपणांपैकी निवडक टिपणांना या नियतकालिकासारख्या नियतकालिकांनी, संशोधनपर लेखांच्या शेजारी, जागा द्यावी. शिक्षकाचे नाव लेखक म्हणून छापावे. शासनाची तपासणी याबरोबर चालू राहावी. शिक्षक वर्गावर येतो की नाही, मुलीला मागे बसविले जाते की काय, हे पाहणारा कोणीतरी हवाच.

यावर दोन आक्षेप येतील. विद्यापीठातील प्राध्यापकाला शाळेतल्या साठ मुलांचा वर्ग सांभाळण्याचे काय कळते, हा पहिला. तो खरा आहे. म्हणूनच भेट दुतर्फी हवी आणि म्हणूनच आपण तेथे शिकविण्यासाठी न जाता वाचण्यासाठी जावे. दुसरा आक्षेप असा की, आधीच कामाने वाकलेल्या शिक्षकावर लेखनाचे आणखी एक ओझे पडेल. शिक्षकावरील ओझे मला मान्य आहे. पण ज्या माहितीपत्रकांनी तो वाकला आहे, त्यांत त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य नसते. आपल्या वर्गात काय घडले हे आपल्या भाषेत लिहावयाचे आणि ते कोणीतरी गंभीरपणे वाचावयाचे, हा अनुभव ओझ्याच्या जातीचा नाही. निदान तो घेऊन तर पाहावा.

एन्नोरचा तास संपल्यावर आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसलो. अधिकाऱ्यांनी बाईंना नमुन्यातील नोंदी दाखविल्या. त्यांनी त्या मुकाट्याने पाहिल्या आणि सही केली. अशा सह्या त्यांनी यापूर्वीही केलेल्या असाव्यात. मग त्यांनी मला विचारले, “सर, मराठीत समुद्रकाठाची अशी जुनी कविता आहे का?” हालाच्या ‘गाथासप्तशती’विषयी मी जे जाणतो ते सांगितले: महाराष्ट्री प्राकृतातील ही गाथा आणि संगमकाव्य यांच्यातील साम्यांची चर्चा जॉर्ज हार्ट यांनी १९७५ मध्ये कशी केली, स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ मध्ये कशी निघाली, आणि गाथेत गोदावरीचा काठ, शेते आणि विंध्याचे रान कसे पुनःपुन्हा येते. बाई लिहून घेत होत्या. सहकाऱ्यांकडून त्यांनी काही ग्रंथांची नावेही घेतली. मग म्हणाल्या, “आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे काय? नेय्दलचे पालै होते का?”

आम्हां दोघांनाही उत्तर देता आले नाही. तिणैंच्या परंपरेवर अधिकाराने लिहिणारे विद्वान या नियतकालिकाच्या वाचकांत आहेत. एन्नोरच्या दहावीच्या वर्गाला त्यांच्या उत्तराची गरज आहे. ते तेथील मुलांना कळेल अशा भाषेत लिहिले गेले, तर बाई ते वर्गात वाचून दाखवितील, याविषयी मला शंका नाही.